आधी पाठ, मग पाय

शिशिरातली ती सकाळ नितळ काचेसारखी होती. दिंडोरीच्या द्राक्षबागांवरून धुक्याचा शेवटचा पदर विरत होता. मण्यामण्यांत कोवळे ऊन उतरत होते. दूरचा डोंगर निळ्यावर निळा, निःशब्द, निश्चल उभा होता. अशा प्रसन्न प्रकाशात एका घराच्या अंगणात पांढरी मोटार दार सताड उघडे टाकून उभी होती, आणि त्या दारापाशी एक आई आणि एक मुलगी अर्ध्या तासापासून एकमेकींवर वैतागत होत्या.

आई द्वारकाबाई गायधनी, एकाहत्तर वर्षांच्या. तीन आठवड्यांपूर्वी त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि त्या जागी धातूचा नवा सांधा बसला. मुलगी चारुशीला, नाशकातली फिजिओथेरपिस्ट. मोडलेल्या, आखडलेल्या, भ्यालेल्या देहांना पुन्हा चालते करणारी. रजा काढून ती आईपाशी राहिली होती. आज अकराला इस्पितळात तपासणी होती. घरी आणताना आईला रुग्णवाहिकेतून आडवे आणले होते. मोटारीत बसण्याची ही पहिलीच वेळ.

रीत साधी होती. गाडीकडे पाठ करायची. सीटची कड पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे सरायचे. दुखरा पाय पुढे पसरायचा, हात टेकायचे, हळूहळू बसायचे. मग दोन्ही पाय जोडीने उचलून सारा देह एकसंध आत वळवायचा. चारुशीलाने सीट मागे सरकवले होते, वर उशी ठेवली होती, साडी अडकू नये म्हणून उशीवर प्लास्टिकची पिशवीही अंथरली होती.

"आधी पाठ, आई. मग पाय."

द्वारकाबाई वॉकर धरून वळत. पाठ करत. एक पाऊल मागे सरत. आणि थबकत. मग काय होई कोण जाणे, त्या झर्रकन पुन्हा फिरत आणि गाभाऱ्याच्या ठेंगण्या दारातून शिरावे तशा मान लववून, कंबर मोडून, डोके आधी आत घालत. त्या वाकण्याने नवा सांधा खोबणीतून निसटला असता. चारुशीलाच्या काळजाचा ठोका चुकत होता, आणि ठोका चुकला की तिचा आवाज चढत होता.

बारा वर्षे तिने आपल्या दवाखान्याच्या खिडकीतून हेच पाहिले होते: माणसे मोटारीत शिरताना, माणसे मोटारीतून निघताना. तरणी पोरे शिरत ती पाण्यात सूर मारल्यासारखी. नव्या नवऱ्या शिरत त्या आधी पदर, मग बांगड्या, मग स्वतःला सावरत. स्थूलकाय शेटजी स्वतःला सोडून देत आणि गाडी कण्हत खाली जाई. एक निवृत्त फौजदार आधी बूट बाहेर काढत, मग थांबत, जणू कुणी सलाम ठोकायचा राहिला आहे. कुणी पाठीत वाकडे, कुणी मानेत वाकडे, कुणी घाईत वाकडे. साऱ्यांना तिने सरळ केले होते. साऱ्यांना.

"दिवसाला वीस जणांना शिकवते मी," ती म्हणाली. "वीसच्या वीस ऐकतात."

"मग त्यांनाच ने गाडीत बसवून."

"आई, दहा वाजून गेले."

"जन्मभर मी तोंड पुढं करून बसले. बैलगाडीत बसले, यष्टीत बसले, तुझ्या बाबांच्या जीपमध्ये बसले. कुणी म्हटलं नाही पाठ कर म्हणून."

"तेव्हा खुबा तुझा होता."

ऊन आता डोळ्यांत शिरू लागले होते. बागेत कुणीतरी फवारणीचा पंप सुरू केला, आणि ती एकसुरी घरघर चारुशीलाच्या कपाळात घुमू लागली. चौथ्यांदा. पाचव्यांदा. वळणे, सरणे, थबकणे, फिरणे. पुन्हा वळणे, पुन्हा सरणे, पुन्हा थबकणे. सहाव्यांदा आई फिरू लागली तशी तिने तिचा दंड धरला, जरा जास्तच जोराने, आणि तिला तशीच थोपवून ठेवले.

त्या पकडीत तो दंड थरथरत होता.

हट्टाने ताठरलेला देह तिला ठाऊक होता. तो असा थरथरत नाही. तिची नजर खाली गेली. वॉकरच्या दांडीवर आईची बोटे पांढरीफटक पडली होती. ओठांवर, त्या थंड हवेत, घामाची बारीक रेघ होती.

पकड सैल झाली. आवाजही.

"आई, तू पडलीस कशी?"

"सांगितलं की. पाय घसरला."

"कसा घसरला?"

द्वारकाबाईंनी बागेकडे तोंड फिरवले. "रांगोळी काढली होती ओट्यावर. पुरी कशी दिसते बघावं म्हणून दोन पावलं मागं सरले. मागं पायरी होती, ती विसरले." त्यांची नजर त्या पायरीकडे गेली. "आता मागं सरायचं म्हटलं की वाटतं, मागं काहीच नाही."

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला चारुशीला पहिला प्रश्न हाच विचारी. कसे पडलात? कागदावर सर्वांत वर तोच छापलेला होता. आईला मात्र तिने हाड विचारले, डॉक्टर विचारला, सांध्याची जात विचारली. हे विचारायचे राहिले. आणि आई पडली तो रविवार होता. ती येणार होती म्हणूनच ओट्यावर रांगोळी होती. येणे जमत नाही हे सांगायला तिने नऊला फोन केला, तो कुणी उचलला नाही, आणि उचलला नाही म्हणूनही ती चिडली होती.

वॉकर आईपुढे नीट रोवून तिने गाडीला वळसा घातला आणि चालकाच्या दारातून आत शिरली. कशीही शिरली, गुडघा आधी, डोके मग, कंबर तिसरीकडेच, आपले सारे नियम मोडून. गिअरवरून आडवी होत तिने दोन्ही तळवे पुढे केले आणि उघड्या दारापाशी आईची पाठ येईल तिथे धरून ठेवले.

"मागं माझे हात आहेत. लागले की सांग."

एक पाऊल. थांबणे. अर्धे पाऊल.

"लागले."

"आता टेक. सगळा भार टाक."

भार आला. आधी पिसासारखा, अविश्वासी. मग हळूहळू एका सबंध आयुष्याचा, उष्ण, सुती, विभूतीच्या वासाचा भार. प्लास्टिक कुरकुरले. उशी दबली. मग दोन पावले जमिनीवरून जोडीने उठली, क्षणभर उन्हात तरंगली आणि सावकाश आत वळली.

"झालं तुझ्या मनासारखं?" द्वारकाबाई पुटपुटल्या आणि मागे रेलल्या.

चारुशीलाचे हात आईच्या पाठीमागे, सीटशी दबून अडकले. मनगटे वळली होती, खांदा अवघडला होता, अकराची वेळ गाठणे आता अशक्य होते. तिने हात काढले नाहीत. दोन तळव्यांवर एक थकलेला श्वास येत होता, जात होता. येत होता, जात होता.