काचेवरची चार बोटं

मी कळसच्या बिरूआबांच्या घरातला चौदा इंची टीव्ही बोलतोय. काळा-पांढरा, लाकडी पेटीचा. सध्या माळ्यावर पडून आहे, पण तोंड काही मिटलेलं नाही.

बिरूआबांचा मुलगा दादासो कारखान्यात चिकटला आणि त्र्याण्णव साली मला बारामतीहून एसटीनं मांडीवर घेऊन आला. वस्तीवरची झाडून सगळी माणसं मला बघायला लोटली. बिरूआबांनी तेवढं नाक मुरडलं. "मेंढरं राखायची सोडून खोकं राखा आता," म्हणाले.

मग एकदा बातम्यांच्या शेवटी आपल्या देशाचा नकाशा आला, वर पांढरे पुंजके.

दादासो म्हणाला, "आबा, हे आभाळातनं काढलंय. उपग्रहानं. पांढरं दिसतंय ते ढग हायत."

बिरूआबा उठून माझ्याजवळ आले. जन्मभर मेंढरांमागं हिंडून ज्यांनी आभाळ खालून पाहिलं, त्यांना ते पहिल्यांदा वरून दिसत होतं. त्या दिवसापासून माणूस माझा झाला. बातम्यांमधलं ओ की ठो कळत नसे, पण ते चित्र चुकवत नसत. आपलं कळस कुठं, हे त्यांनी दादासोला विचारून घेतलं आणि त्यांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, तिथं माझ्या काचेवर मेण लावून कुंकवाचा ठिपका दिला. नवरा-बायको त्यावरून एकमेकांना चिडवत, आणि मला उगाच आपण घरातले झालो असं वाटे.

ढग किती लांब, हे बिरूआबा बोटांनी मोजत. ठिपक्यापासून काचेवर बोटं आडवी टेकवायची. एका बोटाला एक दिवस. दोन-तीनदा पाऊस अगदी त्या हिशोबानं आला. मीही फुशारलो. खोटं कशाला सांगू?

पंच्याण्णवची दिवाळी तोंडावर होती. मेंढरांची कातरणी गुरुवारी ठरलेली. आमच्याकडं हे काम एकट्यानं होत नाही. सगळ्या वस्त्यांची माणसं एकमेकांकडं कात्र्या घेऊन जातात. सोमवारी माझ्या काचेवर पूर्वेच्या समुद्रात एक पांढरा भोवरा दिसला. पाच बोटं. मंगळवारी चार.

"आवं, कातरणी फुडं ढकला," गोजरबाई म्हणाल्या. "उघड्या अंगावर पाऊस आला तर मेंढरू टिकायचं न्हाय."

"चार बोटं हायत अजून. शनवारपत्तूर काय येत न्हाय. पल्याडच्या वस्तीवर महिपतीकडं सांगावा धाडलाय, धा माणसं यायची हायत. दिस मोडायचा कसा?" लोकरीनं तेलकट झालेली चार बोटं त्यांनी पुन्हा काचेवर दाबून दाखवली.

बुधवारी संध्याकाळी वीज गेली. मी आंधळा झालो. भोवऱ्यानं त्याच दिवशी वेग धरला होता, हे मला फार उशिरा कळलं. बिरूआबा माझ्यासमोर बराच वेळ बसले, बटण दोनदा फिरवलं आणि उठून गेले.

गुरुवारी सव्वाशे मेंढरं कातरून झाली. माणसं घुगऱ्या खात बसली होती, तोच पूर्वेकडून गार वारा सुटला आणि पाऊस कोसळला. कातरलेली मेंढरं थरथरत एकमेकांवर पडू लागली. बिरूआबांनी अंगावरची घोंगडी कोकरांवर टाकली आणि स्वतः उघड्यानं पावसात उभे राहिले.

"आबा, घरात चला की!" दादासो ओरडत होता.

"माझ्या बोटांनी घात केलाय रं. मी कसा आत येऊ?"

शुक्रवारी त्यांना ताप चढला. छाती भरली. इंदापूरच्या दवाखान्यात रविवारी ते वारले. घोंगडीखालची कोकरं तेवढी जगली.

वीज आली, तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. कुणीतरी चुकून मला सुरू केलं. बातम्यांच्या शेवटी चित्र आलं. सगळं स्वच्छ. गोजरबाई ते बघत माझ्यापुढं येऊन बसल्या. "आता कुठं गेलं रं?" त्यांनी मला विचारलं. मला आवाज होता, तो दुसऱ्यांचा. माझं स्वतःचं एक वाक्य असतं, तर मंगळवारीच सांगितलं असतं, की आबा, हे चित्र आजचं आहे, उद्याचं नाही. ढग मेंढरांसारखे एका चालीनं चालत नाहीत. हे त्यांना त्यांच्या बोलीत सांगणारं एक माणूस मिळायला हवं होतं. अजूनही तुमच्या शेजारी कुणी असं चित्र नुसतं बघत बसलं असेल, तर त्याला एवढं सांगा.

पुढं रंगीत टीव्ही आला. मला माळ्यावर चढवताना दादासोनं ओलं फडकं घेतलं.

"काच पुसू नगंस," गोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आता काही नव्हतं. त्यांचं कुंकू माझ्या काचेवर होतं आणि त्याच्या शेजारी धूळ बसून उमटलेली चार बोटं. त्यांनी आपली चार बोटं हलकेच त्यांवर ठेवली.

माझी काच अजून कुणी पुसलेली नाही.