पुलावरची तिसरी तपासणी

पट्टी कोमट होती. आधीच्या माणसाच्या तळव्याची ऊब धातूत अजून उरलेली. तो तर हिरवा दिवा लागून पलीकडे पोचलाही, कोबीची पिशवी हलवत... आणि राबियाने आपला सुरकुतलेला तळवा त्या परक्या उबेवर टेकवला तेव्हा तिला उगाचच वाटलं, याचं मनही घटकाभर उसनं मिळालं असतं तर...

"श्वास सोड, नेना," सितिवेनी म्हणाला. शांतिमंडळाचा हा शिपाई फिजी बेटांवरचा, दाराएवढा रुंद. कानातलं यंत्र त्याला इथली भाषा समजावतं, त्याच्या तोंडी घालतं. गावातल्या पोरांसारखा तोही प्रत्येक म्हातारीला नेना म्हणतो.

"सोडलाय. आता काय जीव सोडू?"

"तो पलीकडे जाऊन सोड. इथे सोडलास तर मला चौदा अर्ज भरावे लागतात."

ती हसली. हसल्याने उपयोग होईल असंही तिला वाटलं. मंडळाचा नियम एका ओळीचा — द्वेष घेऊन कोणी पूल ओलांडायचा नाही. पट्टी रक्तातलं, नसांतलं काय काय वाचते आणि कमानीवर दिवा लागतो. दिवे लागले तेव्हापासून अकरा वर्षांत या पुलावर एकही माणूस मेलेला नाही. हे खरं आहे, आणि ते राबियाही नाकारत नव्हती.

परवा लाल लागला होता. काल लाल. दोन्ही दिवस तिने दोष कॉफीला दिला. मंडळाच्या पत्रकात लिहिलंय, आदल्या दिवसापासून कॉफी नको, नाडी चढते. पण कॉफीशिवाय इथे घराबाहेर पडतं कोण? शेजारची मुनेवेरा तर आल्याआल्या एक, गप्पांसाठी एक आणि 'आता ऊठ' सांगायला एक, अशा तीन पाजल्याशिवाय सोडत नाही. "अगं, एवढी पाजली तर गाढवसुद्धा युद्ध पुकारेल!" मुनेवेराच म्हणाली होती, आणि दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या होत्या. म्हणून काल दुपारपासून राबियाने एक घोटही घेतला नव्हता. डोकं ठणकत होतं. शिवाय ठरवून आली होती, पलीकडच्या बंदुकवाल्यांचा विचार करायचा नाही. फक्त झुमराचा.

झुमरा, तिची चार वर्षांनी मोठी बहीण. पलीकडे, पुलापासून तिसरं घर. छातीत पाणी भरलंय, डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंत म्हटलंय, आणि आज बुधवार.

झुमरा आलुबुखाराचा मुरांबा ढवळतेय, भलीमोठी कढई, धुराने डोळे लाल... "सेका, लाकडं सार, नाहीतर लग्नात तुला करपलेलाच मुरांबा देईन." सेका, धाकटी. पूल तेव्हा नुसता पूल होता, आम्ही त्याच्या कठड्यावर बसून बिया नदीत थुंकायचो, कोणाची लांब जाते ते बघायला...

दिवा लाल लागला.

सितिवेनीने काचेवरचे आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. "नेना, आज कालच्यापेक्षा जास्त आहे."

"असं कसं? कॉफी नाही, काही नाही. मी कोणाचा विचारही केला नाही. फक्त बहिणीचा—"

आणि वाक्य तिच्याच तोंडात थांबलं.

"तुझ्या वरच्या साहेबाला विचार," ती घाईघाईने म्हणाली. "बाई मरतेय म्हणावं."

"वर साहेब नाही, नेना. वर हेच यंत्र आहे, फक्त मोठं."

"मग तू कशाला उभा आहेस?"

"पट्टी पुसायला," तो म्हणाला. आणि खरंच फडका काढून पुसू लागला.

ती बाकावर बसली. बावीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती, त्या दिवशी झुमरा घरी नव्हती. मुनेवेराला, नवऱ्याला, त्याच्या कबरीलासुद्धा. इतक्यांदा, की बंद दार तिला आठवायचं, कुलूपही आठवायचं. पण कुलूप नव्हतं. भर दुपार होती. या काठावर बंदुकवाले तरुण पोरं शोधत फिरत होते म्हणून ती आपल्या मुलाला, सेनादला, घेऊन पलीकडे गेली होती, एकोणीस वर्षांचा पोर बाई दिसावा म्हणून त्याच्या डोक्याला आपला रुमाल बांधून. झुमराचा नवरा पलीकडच्यांतला, ते घर कोणी तपासलं नसतं. खिडकी उघडली. "आज नको, सेका. घरात माणसं आहेत. उद्या आण." परत येताना पुलाच्या याच टोकाला सेनादला तिच्या हातातून ओढून नेलं. मंडळाची माणसं तेव्हाही इथेच उभी होती. त्यांना फक्त नोंद करायची परवानगी होती. त्यांनी वेळ लिहून घेतली.

आणि पूल उघडल्यावर अकरा वर्षं मी म्हणत राहिले, रांग फार असते, गुडघे दुखतात...

घरात माणसं होती. खरंच असतील. झुमरा पडदा धरून सारखी मागे बघत होती, तेही तिला आता दिसलं. सगळं समजत होतं. समजून छातीतलं ते तसूभरही हललं नाही.

फोन वाजला. झुमराची मुलगी, अल्मासा. "मावशी, कुठे आहेस? आई सारखी तुझंच विचारतेय. काय सांगू? आजही पूल बंद आहे म्हणू?"

ते वाक्य तयार होतं. गेल्या दोन दिवसांत तेच तर दिलं होतं.

"पूल उघडा आहे," राबिया म्हणाली. "तिला सांग, मी अजून रागावलेय. सेनादसाठी. म्हणून मला सोडत नाहीत."

"मावशी! अगं ती शेवटच्या... असं कसं सांगू?"

"असंच. गोड करू नकोस."

अल्मासा हळूच म्हणाली, "फोन तिच्या उशाशीच होता. तिने ऐकलं." आणि आणखी काही न बोलता तिने फोन ठेवला.

राबिया बसून राहिली. आपण बहिणीला मारलं, की बावीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोललो, हे तिला ठरवता येईना. उद्या गुरुवार होता, आणि उद्याही येणार हे तिला ठाऊक होतं. फक्त मन निवळवायचा तो रोजचा खटाटोप आता तिच्याच्याने होणार नव्हता. राग होता तसा मांडीवर पडून होता, जड, आपला, आणि तिने त्याला तिथेच राहू दिलं.