साखळीला ग्रीस

रघुवीरच्या साखळ्या दिसल्या की सुधाकरचा जळफळाट व्हायचा.

मिल बंद पडल्यावर दोघेही फिटर खंडवा रोडकडच्या तलावावर बोट क्लबच्या होड्या सांभाळायला लागले होते. डावीकडच्या होड्या सुधाकरकडे, उजवीकडच्या रघुवीरकडे. प्रत्येक होडी साखळीने घाटाच्या दगडाला बांधलेली. पाणी हललं की होडी हले आणि साखळी पायरीच्या कडेवर घासत राही. क्लबचे सेक्रेटरी अप्पासाहेब यांनी सांगून ठेवलं होतं, "उन्हाळा संपला की एकालाच पक्कं करणार. ज्याच्या साखळ्या धड, तो राहील."

सुधाकरने मिलमध्ये जन्मभर केलं तेच केलं. कडीन् कडी ग्रीसने भरून काढली. रघुवीरने मात्र मिलच्या भंगारातून आग विझवायचा जुना कॅनव्हासचा पाइप आणला, त्याचे तुकडे कापले आणि दगड लागतो तिथे साखळीवर चढवले. लोक थांबून बघू लागले. "क्या दिमाग लगाया भिया!" अप्पासाहेब तर पाहुण्यांना मुद्दाम उजवीकडे न्यायचे. सुधाकरच्या काळ्या कुळकुळीत साखळ्यांपाशी आले की पाहुणे कपडे सावरायचे.

"अहो, तुम्हीपण लावा ना पाइप," घरी शोभना म्हणाली. "रघुवीरभावजी नाही थोडेच म्हणतील?"

"त्याचं उष्टं लावू?"

त्याने स्वतःची समजूत घातली होती. पाइपात पाणी साचत असणार, आत साखळी कुजत असणार. स्वतःच्या साखळ्या सोडून तो रोज त्या पाइपांकडेच बघत बसायचा. एका सकाळी एका पाइपातून तांबूस पाणी ठिबकताना दिसलं आणि त्याचा जीव हरखला. गंज!

त्या दिवशी अप्पासाहेब आले तेव्हा तो सुरी घेऊनच उभा होता. "साहेब, वरून सगळं छान दिसतं. आतलं बघायचं का?" आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने पाइप उभा चिरला.

आत साखळी स्वच्छ होती. तांबूस होता तो तलावाचा गाळ.

"विचारायचं तरी यार," रघुवीर म्हणाला. तो फाटक्या सदऱ्याकडे बघावं तसा पाइपाकडे बघत होता. "दर हप्त्याला काढून धुतो मी. साखळी उलटीपण करतो, म्हणजे एकाच जागी झिजत नाही."

"बरं, आता तुझी दाखव," अप्पासाहेब सुधाकरला म्हणाले.

सुधाकरने ताठ मानेने साखळी उचलून दिली. रघुवीरने खाली बसून फडक्याने ती पुसली. ग्रीसखालून राखाडी लगदा निघाला. मिलमध्ये डोक्यावर छप्पर होतं; इथे उन्हाळाभर वाऱ्याने वाळू आणली होती आणि ग्रीसने ती धरून ठेवली होती. कडीत कडी अडकते तिथलं लोखंड वाळूने अर्धं खाल्लं होतं. सुधाकरला ते दिसलं, आणि रघुवीरलाही. रघुवीरने चटकन त्या कडीवर मूठ आवळली.

"बढिया है साहेब. चलेगी."

अप्पासाहेबांनी चष्मा लावलेला नव्हता. "मग दोघंही सारखेच की. वयाने सुधाकर मोठा. त्यालाच पक्कं करू. काय रे रघुवीर?"

"करा ना साहेब."

सुधाकर त्या मुठीकडे बघत राहिला. बोटांच्या फटींतून त्याचंच ग्रीस बाहेर येत होतं. अक्कल रघुवीरची, कौतुक रघुवीरचं, आणि आता हा मोठेपणाही त्याचाच? रोज सकाळी घाटावर यायचं ते याच्या उपकारावर?

"मूठ उघड," तो म्हणाला.

"जाने दो ना भिया," रघुवीर हळूच म्हणाला. "घरचा विचार कर."

"उघड म्हणतो ना!"

त्याने रघुवीरची बोटं एकेक करून सोडवली आणि कडी अप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर धरली. "ही माझी कडी, साहेब. अर्धी झिजलीय. हात लावून बघा."

अप्पासाहेबांनी बोट फिरवलं आणि ते रघुवीरकडे वळले. "मग तूच पक्का."

सुधाकरने सायकल काढली. शोभनाला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. पण रघुवीरकडे आता त्याला देण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तेवढ्यावर तो फाटकापर्यंत ताठ मानेने गेला.