अकरा जणांचा अंदाज

सत्यशीला गवई यांनी उमरखेडच्या शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर एकदा त्या बसस्टँडवर पुसदच्या गाडीची वाट पाहत होत्या. तिथं यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या पिंटूनं माइक पुढं केला. पिंटू त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बाई, पुढच्या वर्षी राष्ट्रपतीची निवडणूक हाये. कोण होईन?"

"मी कशी सांगू? मत आमदार-खासदार देतात. पण 'आमच्या समाजाचा झाला पाहिजे' असं जो म्हणतो ना, त्यानं आधी संविधान वाचावं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचे रामराव मोबाइल घेऊन दारात उभे.

"बाई, तुमीबी जातीवरच गेल्या काय?"

पडद्यावर बाईंचा चेहरा होता आणि तोंडी चारच शब्द : "आमच्या समाजाचा झाला पाहिजे." खाली लाल अक्षरांत 'राष्ट्रपती कोण? उमरखेडचा पहिला अंदाज', आणि कोणत्या जातीला किती टक्के पसंती, त्याचा तक्ता.

पायात चप्पल सरकवून बाई तडक मोबाइलच्या दुकानावरच्या पिंटूच्या खोलीत गेल्या.

"किती लोकांले विचारलं?"

"अकरा."

"अकरा जणांवर टक्के काढले? अन् त्यातल्या एकालेबी ह्या निवडणुकीत मत नाही!"

"बाई, अंदाजच त हाये. चुकला त कोणाचं काय जाते? चाळीस हजार लोकायनं पाह्यला."

"माझं गेलं ना! जन्मभर वर्गात जे शिकवलं, त्याच्या उलटं तू माझ्याच तोंडून वदवलं. हा काढ, अन् माझं पूर्ण बोलणं लाव. माझ्यासमोर."

"एवढं लंबं कोणी पाहत नाही, बाई."

"नको पाहू दे. लाव."

बाई खुर्ची ओढून बसल्या. पिंटूनं चहा मागवला, त्यांनी त्याला हात लावला नाही. दुपार झाली तेव्हा कुठं त्यानं कुरकुरत जुना व्हिडिओ काढला आणि पूर्ण मुलाखत टाकली. माफीचा शब्द मात्र लिहिला नाही.

संध्याकाळपर्यंत ती एकशे बारा जणांनी पाहिली. त्यांत रामराव होते. ते खाली मान घालून आले.

"चुकलंच माझं, बाई. असं बोलाले नोको होतं."

"तुम्ही निदान दारात येऊन विचारलं, रामराव. बाकीच्या चाळीस हजारांच्या दारात मी कशी जाऊ?"