एका बुटावरची सही

आईच्या अग्निशमन केंद्रातल्या प्रशिक्षकांना सगळे मागून स्लाइडसाहेब म्हणतात. त्यांना आगीची भयंकर माहिती आहे. पडद्यावरच्या आगीची. खरी आग त्यांनी जवळून पाहिली असलीच, तर वाढदिवसाच्या केकवर.

घातक पदार्थांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण चालू होतं. आई पास झाली तर बंबावर जाणार, नाहीतर परत कंट्रोल रूममध्ये फोन उचलत बसणार. सहा वर्षं उचललेत तिने. घरी आत्याचा फोन आला तरी आधी "पत्ता सांगा" म्हणते!

शेवटच्या दिवशी ती डबा विसरली. शाळा सुटल्यावर मी तो घेऊन गेले, तर मागच्या अंगणात दोर बांधलेला, मधोमध सकाळी सरावासाठी पेटवून विझवलेली इलेक्ट्रिक स्कूटर, आणि आई पाण्याचा पाइप शेजारी घेऊन, तापमान दाखवणारा कॅमेरा तिच्यावर रोखून बसलेली.

"विझली की! आता राखण कसली?"

"बाहेरून विझलीय गं. बॅटरीच्या पोटात काय शिजतंय ते दिसत नाही. चोवीस तास लक्ष ठेवायचं." तिने वहीत लिहिलं, एकोणचाळीस अंश.

तेवढ्यात साहेब आले. बूट असे चकचकीत, की त्यात बघून वेणी घालावी.

"बाई, चार वाजता मोठे साहेब येतायत. हे भंगार आत बंबाशेजारी ढकला. अंगण स्वच्छ दिसलं पाहिजे."

"सर, उघड्यावर, पन्नास फूट लांब. तुमचीच अकरावी स्लाइड."

"मला शिकवता? प्रमाणपत्रावर सही कोणाची लागते, ठाऊक आहे ना?"

आईचा चेहरा पडला. मला वाटलं, गेला बंब. मग तिने वही पुढे केली. "ढकलते, सर. फक्त एवढं लिहून द्या, 'माझ्या आदेशाने आत हलवली.' खाली सही."

साहेबांनी पेन काढलं. टोपण काढलं. टोपण लावलं. पेन खिशात गेलं. हुकूम सोडायला नुसती जीभ लागते हो, लिहायला छाती लागते!

चार वाजता मोठे साहेब आले. "हे काय?"

"मुद्दाम ठेवलंय, सर! प्रत्यक्ष निरीक्षण. माझीच कल्पना." सरड्यानेही लाजून रंग बदलणं सोडलं असतं. वर हे महाशय फोटोसाठी दोर ओलांडून थेट स्कूटरजवळ उभे!

"सर, बाहेर या. त्रेसष्ट झालंय," आई म्हणाली.

"बाई, फोटो चाललाय..."

"सत्तर! बाहेर!"

सीटखालून फुस्स झालं आणि पांढरा धूर सुटला. साहेब असे पळाले, की दोरात पाय अडकून एक बूट आतच राहिला. आईने मास्क चढवला, पाइप सुरू केला आणि आकडा खाली येईपर्यंत पाणी मारत राहिली. इकडे साहेब बंबामागून सूचना देत होते. बंबामागून!

"कल्पना तुमची, पण निरीक्षण यांचं दिसतंय," मोठे साहेब म्हणाले. "यांचं प्रमाणपत्र आणा."

साहेबांनी सही केली. एका बुटावर, एका मोज्यावर. मग हळूच म्हणाले, "बाई, माझा बूट..."

"उद्या देते, सर," आई वहीत आकडा लिहीत म्हणाली. "चोवीस तास आता पहिल्यापासून मोजायचे."