एक आकडा

"एक आकडा वाढव आणि मोकळी हो," फोनमधून साहेब म्हणाले. फोन स्पीकरवर होता, म्हणून स्वयंपाकघरात भांडी पुसताना मलाही ऐकू आलं.

"नाही वाढवणार, सर," भाची म्हणाली.

ही माझ्या बहिणीची मुलगी. माझ्याकडेच लहानाची मोठी झाली. फ्रॉकच्या नाडीला गाठ बसली तर कात्री लावू द्यायची नाही. नाक ओढत, नखांनी सोडवत बसायची. शाळेची गाडी निघून गेली तरी ढिम्म. हिचं कसं होणार, म्हणून बहीण डोक्याला हात लावायची. बहीण गेली, नाडीचे फ्रॉक गेले, पोरगी मात्र तशीच राहिली. आता घरी बसून एका कंपनीसाठी मोबाइलची ॲप बनवते.

हे ॲप डायलिसिस केंद्राचं होतं. कुठल्या रुग्णाने किती वाजता, कुठल्या यंत्रावर यायचं ते त्यावर कळणार. यंत्र बिघडून वेळ बदलली, तर तेही. लिहिलेले सगळे तुकडे जोडून फोनवर चालेल अशी एक वस्तू करायची, तिला ही मंडळी बिल्ड म्हणतात. ते बिल्ड सकाळपासून दर वेळी अर्ध्यावर येऊन लाल अक्षरं ओकत होतं. भाचीने जुना साठा पुसला, संगणक बंद करून चालू केला, शेवटी बाहेरून आणलेले तयार भाग एकेक काढून पाहिले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर चोर सापडला. पहिल्या पानावर रंगीत फुगे उडावेत ही साहेबांची हौस, आणि फुगे उडवणारा भाग जुन्या फोनवर चालायला तयार नव्हता. ॲप किती जुन्या फोनपर्यंत चालावं हे ठरवणारा एक आकडा असतो. तो वाढवला की लाल अक्षरं गायब, आणि जुने फोनही बाद.

"जुने फोन असे आहेतच कितीसे?" साहेब म्हणाले. "नवीन घ्या म्हणावं."

"केंद्रात जाऊन बसले होते मी, सर. निम्म्या म्हाताऱ्यांकडे मुलांनी वापरून टाकलेले फोन आहेत. वेळ बदललेली त्यांना कळणार नाही. येतील, यंत्रावर दुसरा कोणी असेल, तसेच परत जातील. एक डायलिसिस चुकलं तरी धाप लागते माणसाला."

"तू डॉक्टर कधीपासून झालीस?"

मला राहवलं नाही. दारातूनच म्हटलं, "अहो साहेब, फुगे कशाला हवेत तिथे? सुया टोचून घ्यायला जातात ती माणसं."

"कोण बोलतंय?"

"मावशी आहे माझी. जुन्या फोनवाली."

तिने फुगे काढले, आकडा होता तसाच ठेवला आणि बिल्ड लावलं. या वेळी ते शेवटपर्यंत गेलं. माझा तडा गेलेला फोन मागून घेतला, त्यावर ॲप उघडून पाहिलं. "झालं, सर. केंद्राला पाठवते."

"फुग्यांशिवाय पाठवलंस तर नोकरी गेली म्हणून समज."

तिने बटण दाबलं. "पाठवलं."

मग साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, राजीनामा लिहून दे. अनुभवाचं पत्र छान देतो."

"मी सोडत नाहीये, सर. तुम्ही काढताय. तसंच लिहा."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि मागाहून त्यांनीच वाढवला आकडा, तर?"

"वाढवू देत. कोणी बदलला त्याचं नाव उमटतं तिथे. माझं नसेल."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस संगणक न्यायला आला. तिने पडदा पुसून, वायरी गुंडाळून सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं.

"सोडलंत का, मॅडम?" त्याने चाचरत विचारलं.

"नाही. काढलं मला."

त्याला पाणी दिलं, लिफ्टपर्यंत पोचवलं. परत येऊन ती आपल्या खुर्चीत ताठ बसली. रिकाम्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. चालायचीच सवय झालेली ती बोटं मी पहिल्यांदाच अशी स्वस्थ पाहिली.