माणशी एकदा

प्रविणचा निरोप आला तेव्हा संस्कृती पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यानं लिहिलं होतं, ‘एकाच फोनवरून डझनभर खाती उघडली आहेत. गाव तुमच्या बाजूचं दिसतंय. यातलं कुणी ओळखीचं आहे का?’

पहिलंच नाव बायनाबाईचं होतं. त्याखालची सगळी वस्तीवरच्या ऊसतोड बायकांची. आणि फोन नंदिनीचा. नंदिनी म्हणजे तिची धाकटी जाऊ राजनंदिनी. ती आत चुलीपाशी बसून फोनवर कुणाला तरी काही समजावत होती आणि मधूनच हसत होती.

‘मोहोर’ नावाचं एक डिजिटल नाणं काढणाऱ्या मंडळींचा इंटरनेटवर मोठा गट होता. नव्या लोकांना ओळख व्हावी म्हणून ते थोडी नाणी फुकट वाटत. अट एकच, माणशी एकदा. फुकट म्हटल्यावर खोट्या नावांचा पूर यायचा. एकेक पठ्ठ्या शेकडो खाती उघडायचा. गट प्रविण चालवायचा, आणि अशी खाती हुडकून बंद करण्याचं काम संस्कृतीकडे होतं. चौसाळ्यातल्या घरात बसून मिळालेलं हे काम तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. बीडला राहून बी.एस्सी. केलेली ती घरातली पहिली सून.

नंदिनीला तिनंच गटात घेतलं. ‘आपण एका घरच्या हे तिथं सांगू नकोस, माझ्या कामाला बाधा येईल,’ एवढं मात्र बजावलं होतं. पुढं काय झालं ते संस्कृतीलाही नीट कळलं नाही. तिनं मोठ्या मेहनतीनं लिहिलेल्या सूचना कुणी वाचत नव्हतं. नंदिनीनं एकदा आवाज भरून पाठवला, ‘पासवर्ड म्हंजी घराचं कडीकुलूप, चावी शेजारणीला देता का?’ तो साऱ्या गटात फिरला. मग लोक विचारू लागले, नंदिनीताई कुठं आहेत? संस्कृती कानात इअरफोन घालून तिचे निरोप पुन्हा पुन्हा ऐकायची, चूक सापडते का बघायची. एकदा सापडली. तिनं ती सगळ्यांसमोर दाखवली. नंदिनी म्हणाली, ‘चुकलंच माझं, त्या बाई बरोबर हायत.’ लोकांनी त्यावर नंदिनीलाच बदाम पाठवले.

शेंगा तशाच ठेवून संस्कृतीनं उत्तर लिहिलं. ‘ओळखीचं कुणी नाही. बोगस वाटतात.’

दुपारपर्यंत सगळी खाती बंद झाली, नंदिनीचंही. गटात कुणीतरी लिहिलं, ‘गोड बोलून हेच धंदे.’ संस्कृतीनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं.

नंदिनी पडवीत आली, खाली बसली आणि समोरच्या शेंगा सोलू लागली. सोलता सोलता म्हणाली, “अक्का, माझ्यावर चोरीचा आळ आलाय.”

“एका फोनवर डझनभर खाती. संशय येनारच.”

“त्यांच्याकडं फोन कुठं हायत? मानसं तर खरी हायत ना? बायनामावशीला तर तुमी बी वळखता.”

“मी वळखून काय होतंय? शाबीत करावं लागतंय. एकेकीचा व्हिडिओ पायजे, तिच्या तोंडून. कोन, कुठली, कुनी शिकवलं, समदं.”

त्या बायकांची ऊसतोड टोळी युसूफ वडगावच्या बाजूला फडावर गेलेली होती. एवढ्यासाठी ही काही जायची नाही, असं संस्कृतीला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनीनं सासूबाईंना सांगून केजची एसटी धरली.

संध्याकाळपासून व्हिडिओ येऊ लागले. तपासायचं काम संस्कृतीचंच. तोडलेल्या उसापुढं एकेक बाई ताठ उभी होती. कुणाच्या केसात पाचट अडकलं होतं, कुणी डोक्यावरची चुंबळ काढायची विसरली होती. बायनाबाईनं आधी पदर नीट केला. मग ती नाव, गाव म्हणाली आणि थांबून म्हणाली, “मी खोटी न्हाई. ह्ये खातं माझं हाय. त्ये उघडायचे गुपित शबूद माझे मला पाठ हायत, नंदिनीला बी म्हाईत न्हाईत.”

सगळ्यांत शेवटी नंदिनीचा व्हिडिओ होता. चेहरा उन्हानं रापलेला, आवाज बसलेला.

“मी राजनंदिनी, ऱ्हानार चौसाळा. कुनी शिकवलं त्ये खरं सांगायचं हाय म्हून सांगते. तुमच्याकडं ज्या संस्कृतीबाई हायत त्या माझ्या जाऊ. त्यांनीच मला समदं शिकवलं. सांगू नको म्हनल्या हुत्या, पन आज लपवलं तर खोटं ठरंल. अक्का, माफ करा.”

हा एक व्हिडिओ पुढं गेला नसता तर संस्कृतीच्या खोट्याचा कुणाला पत्ताही लागला नसता. बाकीच्या बायका सुटल्या असत्या आणि नंदिनी तेवढी बाहेर राहिली असती. संस्कृतीचं बोट पुसून टाकायच्या खुणेवर गेलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. व्हिडिओतली नंदिनी तोंड पुसून बाजूला झाली होती. मागं कोणीतरी तिला तांब्या देत होतं.

संस्कृतीनं सगळे व्हिडिओ प्रविणला पाठवले. खाली लिहिलं, ‘या सगळ्या खऱ्या आहेत. मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले.’

खाती खुली झाली. प्रविण रागावला नाही, फक्त काम काढून घेतलं. गटातल्या लोकांनी त्या कामासाठी नंदिनीचं नाव सुचवलं. प्रविणनं नंदिनीला फोन करून सगळी हकिगत सांगितली. ती काय बोलते याची संस्कृती दिवसभर वाट पाहत होती. नंदिनीनं धुणं वाळत घातलं, म्हशीला पेंड दिली. संस्कृतीला तिनं एवढंच विचारलं, “त्ये काम घिऊ का? तुमी म्हनला तर घेते.”

“घे की,” संस्कृती म्हणाली.

दिवस कलला. संस्कृती भाकरी थापत होती. पलीकडच्या खोलीत नंदिनी नव्या लोकांसाठी नियम आवाजात भरत होती. मध्येच अडली.

“अक्का, पडताळनीला सोप्पा शबूद काय हाय?”

संस्कृतीनं परातीतलं पीठ दाबलं. “खातरजमा म्हन.”

“...तर बायांनो, आदी तुमची खातरजमा हुईल,” नंदिनी म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द किती आपलासा वाटला. संस्कृतीनं ऐकून घेतला, आणि भाकरी तव्यावर टाकली.